चांद्याचा खांदा

आर्वी नाक्यावर लाकडी बैल आले. श्रावण उतरणीला लागला की ते असेच एका सकाळी येतात. आदल्या दिवशी तिथे मक्याची कणसं भाजणारा बसलेला असतो, दुसऱ्या दिवशी त्याच जागी ताडपत्रीवर बैलांच्या रांगा. बोटाएवढे, वीतभर, गुडघ्याएवढे, आणि मागच्या रांगेत चाकं लावलेला एखादा एवढा मोठा, की त्याला घरी न्यायला ऑटो करावा लागतो. सगळ्यांचे डोळे जरा जास्तच मोठे रंगवलेले. विकणाऱ्या बाई मला आता ओळखतात. “औंदा किती पोरं हायेत मॅडम?” म्हणून विचारतात, कारण मी शाळेत शिकवते असा त्यांचा समज आहे. मी तो दुरुस्त करत नाही. माझं काम काय आहे हे भर पावसात, रस्त्याच्या कडेला, एका हातात छत्री धरून सांगण्यासारखं नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांच्या पोळ्यात खरे बैल, लहानांच्या पोळ्यात लाकडी. बैलाच्या गळ्यात दोरी बांधायची, नवे कपडे घालायचे, घरोघर जायचं आणि बोजारा म्हणून जो खाऊ मिळेल तो ओच्यात गोळा करायचा. वर्ध्यात वाढलेल्या माझ्यासारख्या कारकुनाच्या मुलीला पोळा ठाऊक होता तो एवढाच. माझ्या बैलाचे दात मी रोज सकाळी आमच्याच दंतमंजनाने घासायची, आणि त्याबद्दल मार खायची. खऱ्या बैलाच्या अंगाला मात्र चाळिशी उलटेपर्यंत मी कधी हात लावला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जी चूक माझ्या हातून झाली तिच्यात या अडाणीपणाचा वाटा मोठा आहे.

नाक्याच्या आत, एका पिठाच्या गिरणीमागे आमच्या दोन खोल्या आहेत. मुलांनी जे बघायला नको ते बघून आलेली मुलं तिथे येतात. कुणी अपघातातून, कुणी जळत्या घरातून, कुणी रोजच्या मारातून. मोठी माणसं अशा वेळी एकमेकांच्या गळ्यात पडून रडून तरी घेतात. मुलं रडतीलच असं नाही. ती अंथरूण ओलं करतात, दप्तर विहिरीत टाकतात, वर्गातल्या कुणाला तरी कडकडून चावतात, किंवा काहीच करत नाहीत, आणि ती काहीच न करणारी मला सर्वांत जड जातात. कागदोपत्री या कामाला मोठं भारदस्त नाव आहे. आमच्या कुसुमबाई मात्र फोनवर सरळ “घाबरलेल्या पोरायचा दवाखाना” असं सांगतात. कुसुमबाई गिरडकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. झाडलोट, चहा, मुलांची नाकं पुसणं आणि माझ्या चुका काढणं अशी चार कामं त्या बघतात. त्यातलं चौथं त्या अगदी मनापासून करतात.

खोलीत वाळूची पेटी आहे, भातुकली आहे, एक कान तुटलेला सिंह आहे, आणि एक पोलिसांची गाडी आहे जी वर्षातून दोनदा चोरीला जाते नि आपोआप परत येते. बोलता येत नाही तेव्हा मूल खेळतं, आणि खेळात जे येतं ते आपण मुकाट्याने ऐकायचं. एवढंच आमचं शास्त्र. पुण्यात मला ते दोन वर्षं शिकवलं गेलं. इथे येऊन खरं शिकायला त्याच्या कितीतरी पट वर्षं लागली, आणि अजून फी भरणं चालूच आहे.

आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर ‘घटनेची तारीख’ या रकान्याखाली आणखी एक रकाना आहे. ‘त्या दिवशी कोणता सण, तिथी, आठवडी बाजार?’ एकदा बाहेरगावाहून काम बघायला आलेल्या एका विद्वान गृहस्थांनी तो वाचला आणि पत्रिका बघता की काय, असं हसत हसत विचारलं. मी म्हटलं, चहा घ्या. तो रकाना सेजलमुळे आला आहे.

सेजल हे तिचं खरं नाव नव्हे. आता ती आर्वीला कॉलेजात शिकते. लिहू का, असं विचारलं तेव्हा तिने परवानगी दिली, नावही स्वतःच निवडलं, आणि जुन्या बायांसारखं काहीतरी ठेवाल तर बघा, अशी ताकीदही दिली. आंजीच्या पलीकडच्या एका खेड्यातली ही मुलगी माझ्याकडे पहिल्यांदा आली ती हिवाळ्यात, दहा वर्षांची असताना. सोबत आई होती, शोभाताई. आधीच्या पावसाळ्यात सेजलचे वडील नाल्याच्या पुरात गेले होते. शाळेच्या बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं होतं, की वडील बैल धुवायला नाल्यावर गेले असताना वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला आणि अचानक पाणी आलं. दोन बैलांपैकी एक वाहून गेला, एक परत आला. वडील दुसऱ्या दिवशी सापडले. खाली तारीख होती. मी ती माझ्या वहीत उतरवून घेतली आणि तिच्याभोवती लाल गोल केला.

सेजलची तक्रार एकच होती. ती जेवत नव्हती. भाकर-चटणीचे दोन घास, भाताचे चार, की झालं. दूध, दही, ताक, तूप यांतलं काही समोर आलं तर ती तोंडच फिरवायची. फ्रॉकमधून खांद्याची हाडं दिसायची. शाळेत प्रार्थनेच्या वेळी दोनदा चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जंतांचं औषध दिलं, टॉनिक दिलं. पोटात काही दोष सापडला नाही. तिचा काका माणूस भला, पण उतावळा. सहामाही झाली की तिला लांबच्या एका वसतिगृहात टाकायचं त्याने ठरवून ठेवलं होतं. चार पोरींच्या पंगतीत बसली की आपोआप जेवेल, असं त्याचं म्हणणं. मला वेगळीच भीती होती. या मुलीने काहीतरी गिळून पोटात ठेवलं आहे आणि म्हणून तिथे दुसरं काही मावत नाही, असं मला वाटायचं. ते न सांगताच ती गेली असती तर ते तिच्याबरोबर तिथे गेलं असतं आणि तिच्याबरोबरच मोठं झालं असतं. माझ्या हातात फक्त सहामाहीपर्यंतचे गुरुवार होते.

त्या गुरुवारांची आठवण काढली की मला अजून हसू येतं. सेजल काही कोपऱ्यात बसणारी, दीनवाणी मुलगी नव्हती. आल्याआल्या ती भातुकली मांडायची आणि सगळ्या खोलीला जेवायला घालायची. सिंहाला, बाहुलीला, मला, एकदा तर पोलिसांच्या गाडीलासुद्धा. वाढण्यात हयगय नाही. “मॅडम, तुमी वांग्याची भाजी टाकून देल्ली,” म्हणून मला दम भरायची, आणि मी ती हवेतली भाजी बोटांनी पुसून खायची. स्वतःपुढे ताट नसे. प्लॅस्टिकचा एक बैल होता, त्याला ती पंगतीत कधी घेत नसे. आल्याबरोबर त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची आणि मग कामाला लागायची.

मी वहीत काय काय लिहायची! आई दुःखात बुडालेली असल्यामुळे घरातल्या स्वयंपाकाची जबाबदारी मुलीने मनावर घेतली आहे. बैल म्हणजे वडिलांची आठवण, ती टाळते आहे. वाचताना मलाच माझं कौतुक वाटायचं. तिला मी अधूनमधून, अगदी सहज बोलल्यासारखं करून, सांगायची की जे झालं त्यात तुझी काही चूक नाही. ती मान डोलवायची आणि माझ्या ताटलीत आणखी एक भाकर टाकायची.

एकदा आषाढात तिने दप्तरातून ओंजळभर काटवलं आणली. बांधावर वेलीला लागलेली, काटेरी, हिरवीगार. मी ती सोलून घ्यायची का असं विचारल्यावर तिने माझ्याकडे ज्या दयेने बघितलं तसं माझ्या परीक्षकांनीही कधी बघितलं नव्हतं. मग मला काटवलं कशी चिरायची, बिया कधी काढायच्या, कधी नाही, हे तिने समजावून सांगितलं. चिखलाने बरबटलेले पाय, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, आणि बोलणं एखाद्या सासूसारखं. माझा जीव तिच्यात फार गुंतला होता. आमच्या धंद्यात तसं गुंतू नये म्हणतात.

तर श्रावण सरत आला. सोयाबीन गुडघ्याच्या वर आलं होतं, चार दिवसांची झड लागून नुकती उघडली होती. लाल गोल केलेल्या तारखेला अजून बारा-तेरा दिवस होते. अशा तारखा मुलांना जड जातात हे मला शिकवलेलं होतं, म्हणून त्या आठवड्यात काय करायचं, काय टाळायचं, सगळं मी आखून ठेवलं होतं. तोवर मध्ये पोळा येत होता. त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार. मी हौसेने लाकडी बैल आणून ठेवले. मुलांनी ते रंगवावेत, सजवावेत, थोडी मजा करावी.

कुसुमबाईंनी बैल बघितले आणि नाक मुरडलं. आज खांदशेकणी आहे, हे तरी ठाऊक आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मला नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो, त्याला घट्टे पडतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या खांद्याला हळद-लोणी चोळतात आणि पळसाच्या पानांनी ऊन-ऊन शेकतात. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ज्यांचे खांदे लहानपणीच सोलवटले त्या मुलांसाठी याहून चांगलं काय असेल! मी एवढी खूश झाले की यावर एक लेख लिहून कुठल्या तरी परिषदेत वाचायचा, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं. कुसुमबाईंनी घरून वाटीभर लोणी आणलं, कुठून तरी पळसाची पानं आणली, ओसरीवर शेगडी पेटवली. पाच मुलं बैल घेऊन रांगेत बसली. लोण्यात हळद पडली, पान तापलं, आणि सगळ्या ओसरीभर तो वास पसरला.

एसटी उशिरा आली म्हणून सेजल उशिरा आली. ती पायरीवर चढली, आणि तिथेच थांबली. तिने शेगडीकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. मग कुणाकडेही न बघता आत गेली आणि कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा आहे तिथे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

शोभाताई दारात होत्या. मी तुम्हाला काही विचारू का, असं काहीतरी मी बोलायला गेले, तर आधी शोभाताईच हलक्या आवाजात म्हणाल्या, “मले वाटलं, तुमी मुद्दामच आज बोलावलं. उद्याच वरीस होते ना.”

“उद्या?”

“पोळ्याच्याच दिवशी गेले ना ते. सकायी बैल धुवाले नेले होते.”

टेबलाच्या खणात माझी वही होती आणि तिच्यातला तो लाल गोल पोळ्याच्या अकरा दिवस पुढे होता, कारण तिथी दर वर्षी सरकते. कॅलेंडरातली तारीख सरकारी कागदासाठी असते. या मुलीच्या अंगात जो दिवस शिरला होता तो अवसेचा होता, हळदीच्या वासाचा होता, बैल धुण्याच्या सकाळचा होता. हे शोभाताईंना माहीत, गावाला माहीत, कुसुमबाईंना कुणी फाइल दाखवली असती तर त्यांनीही एका वाक्यात सांगितलं असतं. बैल धुवायला नेले, एवढं वाचून खेड्यातल्या कुणालाही दिवस कळला असता. मलाच तेवढं कळलं नव्हतं. इतकी लाज मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटलेली नाही.

मी कुसुमबाईंना खूण केली. त्या बाकीच्या मुलांना घेऊन गिरणीचा पट्टा दाखवायला गेल्या. मी वाकून लोण्याची वाटी उचलायला लागले, लवकरात लवकर दृष्टीआड करावी म्हणून. ती शेगडीला लागून खणकली, आणि कपाटामागून आवाज आला.

“ते नका नेऊ. ते चांद्याचं हाये.”

चांद्या म्हणजे परत आलेला बैल. मी वाटी होती तिथे ठेवली आणि आत जाऊन कपाटापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसले. पलीकडे शोभाताईही दाराशी खाली बसल्या. मग भिंतीलाच सांगावं तसं सेजल म्हणाली, “म्या खाल्लं त्याचं लोणी.”

पुढचं तिने तुकड्यातुकड्याने सांगितलं. मागच्या वर्षी याच संध्याकाळी आईने तिच्या हातात लोण्याची वाटी दिली होती. आधी मोतीचा, म्हणजे वाहून गेलेल्या बैलाचा, खांदा तिने नीट चोळला, बाबांनी शाबासकी दिली. बाबा पानं तापवायला गेले तेव्हा तिने वाटीतलं एक बोट चाटलं. मग दुसरं. मग वाटीत काही उरलंच नाही. चांद्याच्या खांद्याला तिने हळदीचं नुसतं पाणी लावलं. दोघांचंही झालं का, असं बाबांनी विचारलं, तर हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाबा दोन्ही बैल घेऊन नाल्यावर गेले. पाणी आलं तेव्हा मोती बाबांजवळ राहिला, कारण त्याचा खांदा शेकलेला होता. चांद्या रुसलेला होता. तो बाबांना सोडून एकटाच घरी आला. तिच्यावरचा राग त्याने बाबांवर काढला. हे सगळं तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि वर्षभर एकटीने बाळगलं होतं. बैलांच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, ती तेव्हापासून गेली नव्हती. चांद्या भिंतीवरून तिच्याकडे बघतो म्हणून शाळेला मागच्या वाटेने जात होती.

तुझी चूक नाही, हे वाक्य मी तिला किती गुरुवार ऐकवलं होतं! कोणती चूक, हेच मला माहीत नव्हतं. आता कळलं होतं, आणि वाक्य अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, पण मी ते परत गिळलं. कारण लोणी तिने खाल्लं होतं हे खरंच होतं. ते खोटं कसं म्हणायचं? मी फक्त विचारलं, की आता चांद्याचा खांदा कसा आहे.

“काय मालूम,” ती म्हणाली. “म्या पाह्यलाच नाई.”

तेव्हा शोभाताई बोलल्या. इतक्या महिन्यांत त्या माझ्यासमोर हो-नाहीच्या पुढे फारशा गेल्या नव्हत्या. त्या लेकीला म्हणाल्या, “सेजू, खांद्याले केवढंसं लोणी लागते? तुले दरसाली वाटी भरून काऊन देत होतो आमी?”

सेजलने भिंतीकडचं तोंड आईकडे वळवलं.

“तुहे बाबा म्हणे, पोरगी चाटून राह्यली दरसाली. बैलाचा वाटा कमी पडंल, जरा जास्त टाकजो. मागच्या सालीबी त्यायनंच वाटी भरली. तुह्या व्हटाले लोणी दिसत होतं ना जेवतानी. मले दाखवून हासत होते.”

“बाबाले मालूम होतं?”

“नाई तं काय. आन चांद्या रुसून नाई आला. त्याचा कासरा शिंगाले गुंडाळेल होता. कोणं गुंडाळला असन? घरी जा म्हनून त्यायनंच सोडलं त्याले.”

शेतावरून बैलाला एकटं घरी धाडायचं असेल तर दोर पायात येऊ नये म्हणून तो शिंगांना गुंडाळून देतात, हे मला नंतर कुसुमबाईंनी सांगितलं. सेजलला सांगावं लागलं नाही. ती कपाटामागून बाहेर आली आणि आईच्या मांडीत शिरली, दहा वर्षांची मुलगी मावेल तेवढी. मग ती रडली. शोभाताई रडल्या. मीही रडले, आणि ते वहीत लिहिलं नाही.

दर वर्षी हे दिवस आले की मला हे सगळं असं एकदम आठवत नाही. कधी नुसता पळसाच्या पानाचा करपट वास येतो. कधी स्कूटरवरून आंजीच्या रस्त्याने जाताना एखादा माणूस एकाच बैलाला घेऊन चाललेला दिसतो. लोक मला विचारतात, की अशी मुलं बरी होतात का, आणि किती दिवसांत. मी काहीतरी उत्तर देते. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझी विद्या फारशी कामाला आली नव्हती. माझ्या चुकीने वाटी तिथे होती, कुसुमबाईंच्या कृपेने तिच्यात लोणी होतं, आणि एका गेलेल्या माणसाचं हसू त्याच्या बायकोने जपून ठेवलेलं होतं. मी फक्त वाटी उचलली नाही आणि गप्प बसले. तेवढं केल्याबद्दल मी स्वतःला पास करते. यंदा माझ्याकडे सहा मुलं आहेत. त्यातल्या एकाने काल नव्या बैलाचं चाक चावून काढलं, आणि कुसुमबाई त्याला जे बोलल्या ते ऐकून तो कितीतरी दिवसांनी हसला.

त्या संध्याकाळी निघताना सेजलने आईला विचारलं, की घरी लोणी आहे का. नव्हतं. घरात कुणी खातच नव्हतं, तर कशाला असेल? कुसुमबाईंनी वाटीतलं लोणी डब्यात भरलं, वर पळसाची पानं ठेवली आणि डबा सेजलच्या हातात दिला. मग शोभाताई मला म्हणाल्या, तुमीबी चला ना. मुलांच्या घरी असं उठून जायचं नसतं, असा आमचा नियम आहे. मी पायात चपला घातल्या.

आर्वीच्या एसटीत खिडकीशी सेजल, मध्ये शोभाताई, कडेला मी. शोभाताईंनी हळूच सांगितलं की यंदा घरात पोळा करायचा नाही असं ठरलं आहे. उद्या वर्षश्राद्धाचं तेवढं करायचं, पुरण वगैरे काही नाही. एकटा बैल, त्याला गावच्या पोळ्याच्या तोरणाखाली कुठे न्यायचं? मी बरं म्हटलं. काकाने वसतिगृहाचा विषय पुढे कधी काढला नाही, पण त्या वेळी ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वेळी एवढंच दिसत होतं, की मुलगी दोन्ही हातांनी डबा मांडीवर धरून बसली आहे आणि बाहेर बघत नाही.

पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. गावात सगळीकडे खांदशेकणी चालू होती, अंगणाअंगणात धूर, हळदीचा वास, घंटांचे आवाज. शोभाताईंच्या कोठ्यात मात्र अंधार होता. त्यांनी बल्ब लावला. चांद्या मोठा होता, पांढरा, कपाळावर काळा गोल. मी दारातच थांबले. मला भीती वाटत होती हे मी मान्य करते. सेजललाही वाटत होती. ती गव्हाणीपर्यंत गेली आणि थांबली. चांद्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं, नाकाने जोरात हवा सोडली आणि परत कडबा खायला लागला. त्याला दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घट्टा होता, पण जुना, वर्षभर जोडीच नव्हती म्हणून जू फारसं बसलं नव्हतं. तिने डब्यातलं लोणी घेतलं, चोळलं, पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. आईने चुलीवर पान तापवून आणून दिलं. ते तिने आपल्या गालाला लावून बघितलं, फार गरम नाही ना म्हणून, आणि मग त्याच्या खांद्यावर ठेवलं. तोवर मी पुढे सरकले होते, आणि चांद्याने शेपटी मारली ती मला बसली. सेजल खुदकन हसली. लोणी संपेपर्यंत ती शेकत होती, आणि मी तिच्या बोटांकडे बघत होते. तिने एकही बोट तोंडात घातलं नाही. मला वाटलं, झालं तेवढं पुष्कळ झालं, बाकीचं हळूहळू.

खांदे शेकून झाले की बैलाला दुसऱ्या दिवसाचं आवतन देतात, म्हणजे जेवायचं निमंत्रण. हेही मला तिथेच कळलं. सेजल चांद्याच्या समोर गेली, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि म्हणाली, “आज आवतन घे. उद्या जेवाले ये.” मग ती आईकडे वळली.

“आई, आता पुरण करा लागंल.”

शोभाताईंनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “घरात चण्याची डाळ नाई वं.”

“त्याले सांगून देलं ना म्या. आता काय उपाशी ठेवू त्याले?” आणि तिने घरात जाऊन एक गंज, म्हणजे पातेलं, उचलला आणि काकूकडे डाळ मागायला निघाली. अंगणातून परत वळली आणि उंबरठ्याशी येऊन विचारलं, “किती आणू?” आई काही बोलायच्या आत तिनेच पुढे सांगितलं, “मीबी जेवीन.”

शोभाताईंनी पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, “मंग जास्त आण.”